नळी दस्त्यात बसवताना

आमच्या ग्रुपचं नवीन नाटक खडकीच्या लढाईवर आहे, ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई, एकीकडे पेशव्यांची फौज आणि दुसरीकडे कंपनीच्या पलटणी, त्यामुळे प्रॉपर्टीत दोन बंदुका लागणार हे पहिल्या वाचनालाच ठरलं, एक आपल्याकडची तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी, आणि एक कंपनीच्या शिपायाची चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी. प्रॉपर्टी माझ्याकडे. एरवी प्लायवूड कापायचं, पीव्हीसी पाइप चिकटवायचा, वर काळा-चॉकलेटी रंग मारायचा की झाली बंदूक, मोठ्या थिएटरात बाराव्या रांगेतून काही कळत नाही. पण हे नाटक छोट्या जागेत होणार, प्रेक्षक पाच-सहा फुटांवर, आणि एका प्रवेशात म्हातारा बरकंदाज, म्हणजे बंदूकधारी शिपाई, बोलता बोलता बंदूक सोडवतो, नळी उचलून बाहेर काढतो, पुसतो आणि परत बसवतो. म्हणजे नळी खरोखर निघायला हवी आणि खरोखर चपखल बसायला हवी. तेव्हा ठरवलं की जुने कारागीर जसं करायचे तसंच करायचं, निदान लाकूड आणि लोखंड जिथे भेटतं तेवढं तरी.

आधी कायद्याचं सांगतो, कारण वाचणाऱ्यातला कोणीतरी उत्साहाने उठेल. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे लायसन्सशिवाय बंदूक बनवता येत नाही, आणि नकली बंदुकीची खरी करणं हाही गुन्हाच आहे. म्हणून आमच्या दोन्ही नळ्या भरीव आहेत, लोखंडाचा अख्खा गज, आरपार भोक नाही, फक्त तोंडाशी अर्धा इंच खळगा, तोही प्रेक्षकाला नळी पोकळ वाटावी म्हणून. साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथवर करून घेतल्या. तोड्याच्या बंदुकीची नळी ४२ इंच, मागच्या बाजूला फूटभर अठपैलू, पुढे गोल आणि निमुळती होत जाणारी, तोंडाशी थोडी फुगीर. वजन साडेतीन किलोच्या आसपास. कंपनीची ३९ इंच आणि पूर्ण गोल, कारण कंपनीच्या ज्या बंदुकीला इंडिया पॅटर्न म्हणतात तिची नळी ३९ इंचाचीच असायची. तीच बंदूक पुढे १७९७ मध्ये ब्रिटिश लष्कराने स्वतःसाठीही घेतली, कारण ती जुन्या ४६ आणि ४२ इंची नळ्यांच्या बंदुकांपेक्षा बनवायला सोपी आणि स्वस्त पडायची.

दस्ता म्हणजे नळी जिच्यात बसते ती बंदुकीची लाकडी बैठक. तिच्या लाकडासाठी मी पहिल्यांदा गिरगावातल्या पाडलेल्या चाळीतलं जुनं सागवान बघितलं. सुंदर लाकूड, वर्षानुवर्षं वाळलेलं. पण आमच्या गल्लीतल्या तात्यांनी, जे आयुष्यभर लालबागमध्ये सुतारकाम करत आलेत, बोटाने एक कड दाबून दाखवली आणि म्हणाले, "अरे बाबा, सागवानाची बारीक धार टिकत नाही, ढलपी उडते. तुला नळीच्या दोन्ही बाजूंना कागदासारखी कड पाहिजे ना? मग हे नको, शिसम बघ." मग रे रोडच्या वखारीतून शिसमाची अडीच इंच जाडीची फळी आणली. युरोपात यासाठी अक्रोड वापरायचे, अमेरिकेत मेपलही, आणि कारण तेच, लाकूड घट्ट पाहिजे, कड धरून ठेवणारं पाहिजे आणि धक्क्याने चिरणारं नको.

फळी निवडताना तात्यांनी सगळ्यात जास्त वेळ रेषा बघण्यात घालवला. दस्ता जिथे हातात धरायचा तिथे तो सगळ्यात बारीक असतो, आणि तिथेच रेषा तिरक्या आडव्या गेल्या तर एका आपटीत दोन तुकडे. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीचा दस्ता जवळजवळ सरळच असतो त्यामुळे सरळ रेषांची फळी चालून जाते, पण विलायती बंदुकीचा दस्ता मागे खाली वाकतो, म्हणून तिकडचे कारागीर अशी फळी शोधायचे की जिच्या रेषाच त्या वळणाबरोबर वळलेल्या असतील. असं लाकूड बुंध्याजवळ किंवा फांदी फुटते तिथे मिळतं. कंपनीच्या बंदुकीसाठी मला अशी फळी मिळायला बराच शोध घ्यावा लागला.

आता मुख्य काम. सगळ्यात आधी नळीच बसवायची, बाकी काही नाही. चाप, घोडा, रंजकाची म्हणजे बार पेटवायच्या दारूची वाटी, ठासायचा गज, सगळं नळीवरून मोजलं जातं, कारण नळीच्या बाजूला आत आग जायचं भोक जिथे आहे तिथेच वाटी आली पाहिजे, आणि ते भोक काही हलवता येत नाही. बाहेरून दस्त्याला आकारही त्यानंतर द्यायचा. फळी चौकोनी ठेवूनच आत खोबण करायची, कारण चौकोनी फळी वाईसमध्ये नीट धरता येते आणि गुण्या लावायला सरळ कड मिळते. मी आधी दस्त्याचा आकार काढायला निघालो होतो असं नाही, पण बघायला येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा, "आकार कधी येणार?" आकार शेवटी येतो, तोही भराभर.

फळीवर मधोमध रेघ मारली, वरून, पुढून, मागून, खालून, सगळीकडून एकच रेघ. नळी उलटी ठेवून, तिची मधली रेघ फळीच्या रेघेवर आणून, दोन्ही बाजूंनी धारदार सुरीने खूण केली. पेन्सिल नाही, सुरीच, कारण पेन्सिलच्या रेघेला जाडी असते आणि सुरीच्या रेघेत पटाशीची धार जाऊन बसते. नळी निमुळती असल्याने दर दोन इंचांवर कॅलिपरने माप घेतलं आणि सगळीकडे खुणेच्या किंचित आत राहिलो.

किती खोल जायचं हा प्रश्न भूमितीचा आहे. बरोबर अर्ध्यापर्यंत. गोल नळी सगळ्यात रुंद असते ती मध्यावर, त्याच्या वर लाकूड गेलं तर खोबणीचं तोंड नळीपेक्षा अरुंद होतं आणि नळी वरून आत जाणारच नाही. आणि कमी गेलो तर नळी लाकडावर नुसती ठेवल्यासारखी दिसते. अठपैलू भागात खालचा एक पैलू, त्याच्या बाजूचे दोन तिरके आणि उभ्या पैलूंचा अर्धा भाग एवढं लाकडात जातं. जाडजूड लाकूड आधी सरळ पटाशीने आणि अरुंद रंध्याने काढलं, मग गोल भागाला गोल पटाशी घेतली. इथपर्यंत काम भराभर झालं, ढलप्यांचा ढीग पडला, बघणाऱ्यांना वाटलं झालंच.

पण इथून पुढे जे आहे ते सांगायलाच हे लिहायला बसलो.

तात्यांनी तिळाच्या तेलाचा दिवा लावला, वर पितळी ताटली उपडी धरली आणि काजळ जमवलं. त्यात दोन थेंब तेल, बोटावर घेऊन नळीच्या खालच्या अंगाला लावलं आणि मग फडक्याने जवळजवळ पुसूनच टाकलं. मी म्हटलं, "तात्या, पुसलंत कशाला?" तर म्हणाले, "जाड लावलंस तर सगळीकडेच लागेल, मग तुला कळणार काय?" नुसती काळी झाक राहिली पाहिजे. मग नळी सरळ वरून, दोन्ही टोकं एकदम, खोबणीत उतरवायची, मोगरीने हलकेच दोन-तीन ठोके द्यायचे आणि परत सरळच उचलायची. एक टोक आधी उचललं तर काजळ फरफटतं आणि नको तिथे डाग पडतो. नळी जड, त्यामुळे दोन ठिकाणी सुती दोरीचे फास करून दोघांनी मिळून उचलायचो.

खाली लाकडावर काळे ठिपके. जिथे ठिपका तिथे लाकूड उंच आहे आणि नळी तिथे टेकून बाकीच्या जागेवरून अधांतरी राहिलीय. तेवढाच ठिपका खरवडायचा, बाजूला हात लावायचा नाही. परत काजळ, परत नळी, परत ठोके, परत उचला. दाताचे डॉक्टर फिलिंग केल्यावर निळा कागद चावायला देतात ना, आणि जिथे निळं उमटलं तिथेच घासतात, अगदी तस्संच. ही युक्ती युरोपातल्या जुन्या कारागिरांचीही हीच होती, दिव्याची किंवा मेणबत्तीची काजळी आणि तेल. आजही हाताने दस्ते बसवणारे लोक हेच करतात, फक्त काजळाची डबी विकत मिळते.

सुरुवातीला ठिपके फक्त वरच्या दोन कडांना उमटतात. ते काढत काढत नळी केसाकेसाने खाली जाते, मग कधीतरी तिरक्या पैलूंवर डाग यायला लागतात आणि सगळ्यात शेवटी तळाला. तळाला डाग येईपर्यंत धीर धरणं हेच खरं काम. ज्याला घाई आहे तो तळाशीच पटाशी मारतो, तिथे तर लाकूड आधीच खोल आहे! खरवडायला मी हॅकसॉच्या जुन्या ब्लेडचे तुकडे ग्राइंडरवर घासून घेतले होते, एक सरळ, एक गोल, एक अठपैलूच्या कोनाचा. पटाशीपेक्षा या खरवडणीने हात जास्त ताब्यात राहतो, लाकूड पिठासारखं निघतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जिथे अठपैलू संपून गोल सुरू होतं त्या जागेने. तिथे नळीला एक छोटी कंगोऱ्याची पट्टी आहे, तिच्या मागे सपाट पैलू, पुढे गोलाई, आणि लाकडात हे तिन्ही उलटे कोरायचे, दीड इंचाच्या जागेत. इथे काजळाचा डाग हरभऱ्याच्या डाळीएवढाही नसायचा, टोकदार एक रेघ, कंगोऱ्याच्या डाव्या अंगाला. ती काढली की उजव्या अंगाला यायची. मी बॅटरी तिरकी धरून बघायचो आणि तात्या चष्मा कपाळावर सरकवून नुसत्या बोटाने, आणि बोटाला जे कळायचं ते मला बॅटरीतही दिसायचं नाही.

बसत आली की आवाज बदलतो, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. नळी दोन-तीन ठिकाणीच टेकलेली असताना मोगरी मारली की पोकळ, थरथरता आवाज येतो. सगळीकडून टेकली की ठोका बद्द वाजतो आणि नळी हलत नाही. त्या वेळी उचलून बघितलं तर अख्ख्या खोबणीत मागपासून पुढपर्यंत बारीक काळी रवाळ झाक पसरलेली, कुठेही कोरा पट्टा नाही. झालं.

मागच्या टोकाची गोष्ट वेगळी आहे आणि ती खऱ्या बंदुकीत जिवावरची असते. बार उडाला की सगळा धक्का मागे येतो आणि नळीच्या मागच्या सपाट तोंडातून लाकडात जातो. ते तोंड लाकडाला पूर्ण टेकलेलं नसेल तर धक्का कुठल्यातरी एका कोपऱ्यावर किंवा मागच्या शेपटीवर जातो, आणि शेपटी पाचरीसारखी घुसून दस्ता तिथेच चिरते. शेपटी म्हणजे नळीच्या मागे निघालेली लोखंडाची जीभ, विलायती बंदुकीत तिच्यातून स्क्रू जातो आणि दस्त्याला धरतो. तिच्या कडा कानशीने किंचित उतरत्या करतात, म्हणजे खालून अरुंद, वरून रुंद, त्यामुळे ती जितकी खाली बसते तितकी बाजूची फट मिटत जाते. आमच्या बंदुका कधीच उडणार नाहीत, तरी कंपनीच्या बंदुकीचं हे तोंड मी काजळ लावून पूर्ण टेकवलं. करायचं तर नीट करायचं, आणि म्हातारा बरकंदाज जेव्हा शत्रूची पडलेली बंदूक उचलून बघतो तेव्हा तिथेही फट दिसता कामा नये.

फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या शस्त्रांच्या दालनात मी आधीही गेलो होतो, पण तेव्हा नक्षी बघितली होती, सोन्याचांदीचं काम बघितलं होतं. या कामानंतर गेलो तेव्हा काचेला नाक लावून फक्त लोखंड आणि लाकडामधली ती रेघ बघत राहिलो. आईन-इ-अकबरीत अबुल फजलने नळी कशी बनवायचे ते लिहून ठेवलंय, लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळत, पदरावर पदर चढवत, भट्टीत जोडत जायची, आणि त्याचं कौतुक आपण सगळे करतो. लाकडात ती नळी बसवणाऱ्याचं नाव मात्र कोणाच्या तोंडी नसतं. इंग्लंडमध्ये तर दस्ता बसवणं हा वेगळा धंदाच होता, नळी करणारा वेगळा, चाप करणारा वेगळा, आणि तिसरा माणूस फक्त या दोन्ही गोष्टी लाकडात उतरवणार. अमेरिकेत थॉमस ब्लँचर्डने १८१९ मध्ये दस्ते कोरायच्या लेथचं पेटंट घेतलं, मग खोबणी कोरायचीही मशिनं आली, आणि इंग्रजांनी १८५० च्या दशकात तसली मशिनं एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्यात नेली. तोपर्यंत खोबणीत बसवलेली बहुतेक प्रत्येक नळी अशीच, कोणीतरी हाताने बसवलेली.

बसवलेली नळी धरून कशी ठेवायची यावर आमच्याकडे बराच वाद झाला. युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या हातबंदुका बघितल्या तर जर्मनीत टॅनेनबर्गच्या किल्ल्यात सापडलेली, १३९९ च्या आधीची, तिच्या मागे नुसता खळगा आहे, त्यात दांडा खुपसायचा. त्या काळच्या दुसऱ्या काही लाकडात खोबण करून वर लोखंडी पट्टे आवळलेल्या. पुढे नळीच्या पोटाला छोटे कान, म्हणजे भोक असलेले लोखंडी तुकडे, जोडायला लागले आणि लाकडातून आडव्या खिळी त्या कानांतून घालायला लागले. कंपनीची बंदूक अशीच आहे. दिसायला फार सुरेख, बाहेरून फक्त एक टिंब दिसतं. पण भोक पाडताना कान लाकडाच्या आत, दिसत नाही, मापावर विश्वास ठेवून बाहेरून ड्रिल घालायचं आणि ते बरोबर कानाच्या मध्यातून दुसऱ्या बाजूला निघालं पाहिजे. जुने लोक हे सामत्याने, हाताने दोरी ओढत करायचे. शिवाय खाली ठासायच्या गजाची खाच असते, ती आणि नळीची खोबण यांच्यामध्ये जेमतेम तीन मिलिमीटर लाकूड उरतं, आणि त्यातच कानासाठी घरं कोरायची. कानातलं भोक गोल न ठेवता लांबीच्या दिशेने थोडं लांबट करतात, म्हणजे लाकूड हललं तरी खीळ अडकत नाही.

तोड्याच्या बंदुकीला यातलं काही नाही. नळी खोबणीत ठेवायची आणि वरून पितळेच्या पट्ट्यांची कडी किंवा चामड्याच्या वाद्या. दस्ता आणि नळी मिळून पुढे निमुळते होत जातात, त्यामुळे कडं पुढून मागे सरकवलं की आपोआप आवळतं, आणि पुढे ढकललं की सैल. तोंड फुगीर असल्याने कडं बाहेर निघू शकत नाही, म्हणून पितळेची पट्टी नळीभोवती वळवून तिथेच रिव्हेट मारले. आमच्या नटाला हेच हवं होतं, तीन कडी पुढे ढकलली की नळी हातात, बोलता बोलता.

माझं मत विचाराल तर आपल्या हवेला ही पट्ट्यांचीच पद्धत बरोबर आहे. खिळीवाली बंदूक मे महिन्यात बसवलेली, जुलैत खीळ हातोडीशिवाय निघेना, आणि नळी उचलायला दोघं लागले, कारण पावसाळ्यात शिसम आडवं फुगतं आणि खोबण नळीला चावून धरते. पट्टीवाली मात्र कडं अर्धा इंच पुढे घेतलं की मोकळी. फ्रेंचांनी १७२८ च्या मॉडेलपासून खिळी सोडून पट्ट्या घेतल्या, इंग्रजांच्या साध्या शिपायाच्या बंदुकीवर त्या सरसकट यायला १८५३ ची एनफिल्ड उजाडली, आणि आपले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या पट्ट्याच वापरत होते. याला कोणी मागासलेपण म्हणत असेल तर त्याने एक पावसाळा लालबागला काढून बघावा.

लाकडाला अळशीचं तेल दिलं, बाहेरून तर सगळेच देतात, पण खोबणीच्या आतही दिलं, पातळ पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन. दमट हवा आत शिरते ती याच कोऱ्या लाकडातून, म्हणून आतला हात विसरायचा नाही. नळीच्या खालच्या अंगाला मेण चोळलं, कारण लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये ओल अडकली की बाहेरून न दिसता गंज धरतो. प्रयोग नसतील तेव्हाही पावसाळ्यात दर आठवड्याला तोड्याची बंदूक सोडवून पुसून ठेवतो, कंपनीची मात्र दिवाळीपर्यंत तशीच राहू दे असं तात्यांचं म्हणणं, लाकूड स्वतः सैल होईल तेव्हाच खिळी काढायच्या. सध्या तोड्याच्या बंदुकीच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्या आणि आतला घोडा बसवायचं काम चालू आहे, काजळाची ताटली अजून बाकावरच आहे.